कुडपणात देवाला काय काय सोडलंय

लोक कोकणात जाताना समुद्र, मासळी आणि देवळं बघून रस्ता ठरवतात. मी संडास बघून ठरवते. हे वाचून ज्यांनी नाक मुरडलं असेल त्यांनी खुशाल मुरडावं, पण पुढे वाचावं, कारण हा सगळा प्रवास त्याच वाटेने गेला.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. नाव जड आहे, प्रकार सोपा आहे. शरीराचं राखणदार दळ परक्या जंतूंना सोडून स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, आणि माणूस दिवसातून किती वेळा उठतो ते मोजणं सोडून देतो. याचा एक सख्खा भाऊ आहे, क्रोन्स. दोघेही औषधांनी झोपतात, पण घर सोडून जात नाहीत. माझा सध्या झोपलेला आहे. दारातला चावरा कुत्रा झोपला असला तरी आपण पाऊल हळूच टाकतो, तशी मी जगते.

म्हणून शुभदाने महाडला बोलावलं तेव्हा मी एसटीचा विचारसुद्धा केला नाही. पनवेलहून आगगाडीने वीर. आगगाडीच्या डब्याला दोन्ही टोकांना दारं असतात आणि दारांशेजारी माझं देवस्थान असतं.

शुभदा माझी शाळेतली मैत्रीण, आता पोटविकारांची डॉक्टर. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या गावांत फिरून ती एक मोजणी करत होती. आतड्याचा हा आजार किती जणांना आहे, आणि ज्या घरात आहे त्या घराला तो किती महाग पडतो? हा आजार थंड आणि श्रीमंत देशांतला, असं आपल्याकडे बरीच वर्षं मानलं गेलं. मग तो आपल्या शहरांत दिसायला लागला. खेड्यांतही असणार, पण दुसऱ्याच कुठल्या नावाने वावरत असणार, असा शुभदाचा संशय होता. अडचण एवढीच, की तिच्या प्रश्नांना गावोगाव एकच उत्तर मिळत होतं, "नाय."

"तू मुद्रितशोधक आहेस," ती फोनवर म्हणाली. "दुसऱ्यांच्या मराठीतल्या चुका काढण्याचे पैसे घेतेस. माझ्या प्रश्नांत काय चुकतंय ते फुकट बघून दे."

वीर ते महाड

वीर स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचं धुकं अजून शेतांवर होतं. भात कापून झालं होतं, पेंढ्यांच्या उडव्या उभ्या होत्या, आणि मोकळ्या खाचरांत वालाची रोपं हातभर वर आली होती. रिक्षावाल्याने महाडपर्यंत मला पुराच्या गोष्टी सांगितल्या. इथला माणूस पाण्याची खूण अंगावर दाखवतो. कुणी कंबरेला हात लावतो, कुणी गळ्याला, आणि रिक्षावाल्याने तर हात थेट रिक्षाच्या टपावर ठेवला. सावित्री नदी तेव्हा पुलाखालून इतकी गरीब होऊन वाहत होती की तिच्यावर असला आरोप पटेना.

शुभदा लॉजच्या दारातच भेटली. तिच्यासोबत मी दोन दिवस महाडच्या आसपासच्या वाड्यांत हिंडले. ती विचारायची, "शौचावाटे रक्त जातं का?" समोरची बाई पदर तोंडाला लावायची, पुरुष आभाळाकडे बघायचा. "आहारातील कोणते पदार्थ सहन होत नाहीत?" याला तर लोक रागावायचेच. "आमाला सगळं पचतं," एक म्हातारा म्हणाला. "दगड खाल्ला तरी पचवू."

"शौचावाटे हा शब्द काढ," मी म्हटलं. "तो फक्त सरकारी भिंतींवर असतो."

"मग काय लिहू?"

ते मलाही सुचेना. आमच्या पनवेलला तरी आम्ही कुठे बोलतो? मी स्वतः इतकी वर्षं कचेरीतल्या प्रत्येक पार्टीत "आज उपास आहे" म्हणून सुटत आलेय. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, प्रदोष, काही सापडलं नाही तर एखादा व्रताचा शुक्रवार. कचेरीत मला माताजी म्हणतात. आपल्याकडे "पोट बिघडलंय" म्हटलं की लोक ओव्याचा सल्ला देतात आणि ताटात आणखी एक वडा टाकतात. "उपास आहे" म्हटलं की हात जोडून बाजूला होतात.

हिरकणीवाडी

रविवारी मोजणीला सुट्टी होती, म्हणून रायगडच्या पायथ्याशी गेलो. रोपवेची रांग लांब होती आणि मध्येच माझ्या पोटाने हाक दिली. गड तिथेच राहिला. रांगेतून बाहेर पडून मी पहिल्या दिसलेल्या टपरीत घुसले आणि तिथल्या बाईकडे नुसतं बघितलं. ती बाई भाकरी थापत होती. माझ्या तोंडाकडे बघून तिने पिठाच्या हाताने मागचा दरवाजा दाखवला. "जा गो बाय, बादली भरलेली हाय." एवढ्या कमी शब्दांत मला कुणी कधी समजून घेतलं नव्हतं.

परत आल्यावर उपकार फेडायचे म्हणून दोघींनी तिथेच जेवण मागवलं. पिठलं, तांदळाची भाकरी, ताक, कांदा. शेजारच्या टोपात वांग्याची भाजी होती, तिचा वास सुटला होता. गिऱ्हाईक आटोपल्यावर बाई आमच्याजवळच जेवायला बसली, पण तिच्या ताटात भाजी दिसेना.

"तुम्ही वांगं नाही घेतलंत?" शुभदाने विचारलं.

"देवाला सोडलंय."

"म्हणजे?"

"नवरा झाडावरून पडला व्हता. बोलली देवाला, हा चालता झाला तर वांगं खायची नाय. झाला. आता तो खातो आनि मी रांधते." ती हसली. आपल्याला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट सोडायची, असा नियम असल्याचंही तिने सांगितलं. नावडती सोडून देवाला फसवता येत नाही. पनवेलला आमच्या शेजारच्या काकूंनी काशीला जाऊन कारलं सोडलं होतं, ते आठवून मला हसू आलं.

कुडपण

दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून जीपने घाट चढलो. कुडपण वर पठारावर आहे. खालच्या खोऱ्यातून बघितलं तर तिथे गाव असेल असं वाटत नाही, आणि वर पोचलं की खाली काही असेल असं वाटत नाही. नाचणीची कापलेली शेतं, मधेच एखादा हिरवा तुकडा, चारी बाजूंना डोंगर, आणि इतकी शांतता की गुरांच्या गळ्यातल्या घंटा आधी ऐकू येतात, गुरं मागून दिसतात. थंडी मात्र पनवेलच्या माणसाला सोसणारी नव्हती.

आमची राहायची सोय हौसाबाईंकडे होती. साठी ओलांडलेल्या, काटक, बोलायला फटकळ. घरात त्या आणि त्यांचा मुलगा महेश. सून महाडला भावाकडे राहून एका कारखान्यात पॅकिंगला जात होती, रविवारी यायची. महेश पस्तिशीचा असेल. मुंबईत एका कंपनीची बस चालवायचा, नोकरी सोडून वर्षभरापूर्वी गावी आला. "शेअर मानवलं नाय त्याला," हौसाबाई म्हणाल्या. शेअर म्हणजे शहर, हे मला जरा उशिरा कळलं.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी वांग्यात सोडे घातले होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कोलंबी सोलून वाळवली की तिचे सोडे होतात. पावसाळ्याच्या बेगमीला घेतात, आणि रायगडातल्या माणसाला त्यांचं नाव काढलं तरी भूक लागते. "मला भात नसला तरी चालंल," हौसाबाई डबा दाखवत म्हणाल्या, "पन सोडे पायजेत. लगीन करून आली तवा सासऱ्यांनी इचारलं, काय आनू तुला? मी बोलली, सोडे." त्या स्वतःच्याच आठवणीवर खूश होऊन हसल्या.

महेशच्या ताटात नुसता मऊ भात आणि वरणाचं पाणी.

"महेश काही घेत नाही?" मी विचारलं.

"त्याची गोष्टच येगळी," आई अभिमानाने म्हणाली. "मटन सोडलान, मासळी सोडलान, तिखट, दूध, फनस. यंदा वालबी सोडलान. सगळं देवाला. गावात येवढं कोन करत नाय. म्हनून तर यंदाच्या सप्त्यात वीणा त्याच्याकडं दिलीय."

हरिनाम सप्ताहात वीणा धरण्याचा मान मोठा. देवळात पहाऱ्याला उभं राहायचं आणि आपला पहारा संपून दुसरा माणूस येईपर्यंत वीणा गळ्यातून काढायची नाही, खाली तर ठेवायचीच नाही. हौसाबाई हे सांगत असताना मी महेशकडे बघत होते. तो दाराला लागून बसला होता. घरात चांगली उबेची जागा सोडून थंडीत दाराशी कोण बसतं, ते मला माहीत आहे. मी पण दाराशीच बसले होते.

पहाटे मी उठून मागच्या बाजूला गेले. संडासाकडे जाणारी वाट त्या घरातली सगळ्यात चांगली वाट होती. दगड नीट बसवलेले, वर दिव्याची तार ओढलेली, दोन बादल्या भरून ठेवलेल्या. एवढी सोय माणूस पाहुण्यांसाठी करत नाही. महेश दारातून बाहेर येत होता, चेहरा पांढराफटक. मला बघून बाजूला झाला आणि "जा तुमी," म्हणाला. दोन पावलं गेला, थांबला, पोटावर हात धरून परत वळला.

"तुम्ही जा आधी," मी म्हटलं. "माझं थांबेल. तुमचं थांबणार नाही."

तो आत गेला. दोन परकी माणसं थंडीत एका संडासापुढे एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत उभी आहेत, हे दृश्य लिहिताना मला आता हसू येतंय. तेव्हा रडू येत होतं.

नंतर आम्ही गोठ्याच्या ओट्यावर बसलो. मी त्याला माझा आजार सांगितला, नावासकट. अनोळखी माणसाला असं सरळ सांगण्याची ही माझी पहिलीच वेळ. रक्त, कळा, प्रवासात खिशात ठेवलेले जादा कपडे, खोटे उपास, सगळं.

"गाडीत चाळीस मानसं असायची," तो म्हणाला. "पुलावर गाडी बंद पाडायचो. बोलायचो, इंजिन गरम झालंय. आनि खाली पळायचो. एकदा पळायला बी नाय जमलं. त्याच दिवशी नोकरी सोडली." घरी त्याने सांगितलं, शहर मानवत नाही. मग एकेक पदार्थ खाल्ला की त्रास वाढायचा. नको म्हटलं की आई काळजी करायची, म्हणून एकदा म्हणाला, देवाला सोडलंय. आईचा चेहरा फुलला. "तवापास्नं तेच बोलतो. लोकं पाया पडायला लागली. आता वीणा दिलीय. मी कसा उभा ऱ्हानार?"

त्याच्या मते त्याला मूळव्याध होती. गुरुवारी खालच्या गावात मोड कापून देणारा एक फिरता माणूस येणार होता. एका बैठकीत काढतो म्हणे. सप्त्याच्या आधी कापून मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवलं होतं.

मूळव्याध समजून चिघळलेल्या आतड्याच्या माणसावर सुरी चालवली तर जखम भरत नाही, हे शुभदाने मला कितीदा सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, "गुरुवारी जाऊ नका. आमच्या डॉक्टरीणबाईंना आधी दाखवा. मोड असतील तर मी स्वतः तुम्हाला त्याच्याकडे सोडून येईन."

"आनि आईला काय सांगू? देवाच्या नावानं खोटं बोललो म्हनून?"

याला उत्तर शोधायची वेळच आली नाही, कारण गोठ्याच्या पलीकडे हौसाबाई शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. पाटी खाली ठेवून त्या ओट्याजवळ आल्या. मला वाटलं आता लेकाचं काही खरं नाही.

"देवाला कुठं खोटं बोललास?" त्या म्हणाल्या. "मला बोललास. देवाला ठाव व्हतं." मग आवाज एकदम खाली आला. "उपाशी ऱ्हायलास रे वर्षभर. आनि मी गावभर कवतिक सांगत फिरली."

तो रडला. त्यासुद्धा रडल्या, पण चूल पेटवता पेटवता, म्हणजे धुराच्या नावावर.

शुभदाने त्या सकाळी महेशला ओसरीवर बसवून सगळं विचारलं, मग आतल्या खोलीत तपासलं. महेश अजून आतच होता, तेव्हा बाहेर येऊन तिने आईला नीट समजावलं. मोड दिसत नाहीत, रक्त आतल्या आतड्यातून येतंय असं वाटतं, दुर्बिणीने तपासायला हवं. तिने पुढचंही सांगितलं, हा आजार निघाला तर काय काय करावं लागेल. मी तेव्हा जीपवाल्याला शोधायला गेले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

त्या दुपारी शेजारच्या वाडीत शुभदाने प्रश्न बदलला. घरात गेलो, पाणी झालं, थोडी विचारपूस झाली, आणि तिने हळूच विचारलं, "तुमच्याकडे कुणी कुणी देवाला काय काय सोडलंय?" लोक बोलायला लागले. बहुतेकांनी काही ना काही खऱ्या नवसाचंच सोडलं होतं. पण एका घरात एका पोरसवदा सुनेने एकामागून एक पाच पदार्थ सांगितले, तेव्हा शुभदाने पेन खाली ठेवलं आणि तिला परसात घेऊन गेली.

उतरताना जीपमध्ये मी विचार करत होते. खर्च विचारला की माणसं गोळ्यांचे पैसे सांगतात. सुटलेली नोकरी कुणी सांगत नाही. बायको आठवडाभर भावाकडे राहते, ते कशात धरायचं? माझ्या नावावर बढती आली तेव्हा प्रवास फार म्हणून मी नको म्हटलं होतं. तेही मी आजवर कुणाला आजाराचा खर्च म्हणून सांगितलं नव्हतं.

पनवेल

महेशची तपासणी पनवेलला झाली. आजार तोच निघाला, माझाच. त्याला आणायला मी स्टेशनवर गेले होते. तोही आगगाडीने आला, दाराशेजारच्या जागेवर बसून. औषधांनी दोन महिन्यांत फरक पडला. गावात काय झालं तेही त्याने सांगितलं. हौसाबाईंनी स्वतः देवळात जाऊन सांगितलं, की पोराला आतड्याचा आजार हाय, देवपण नाय. मग ठरलं, वीणा त्यालाच द्यायची, पण त्याच्या पहाऱ्याला शेजारी आणखी एक माणूस उभा ठेवायचा. त्याने सप्ताहात दोनदा वीणा त्या माणसाच्या गळ्यात घातली आणि दोनदा परत घेतली. कुणी काही बोललं नाही. आता तो पोलादपूरला एका शाळेची गाडी चालवायचं बघतोय. लांबचा पल्ला नको, म्हणाला.

पुढच्या तपासणीला आला तेव्हा त्याने माझ्या हातात एक पुडी ठेवली. वासानेच कळलं.

"आईनं दिलेत. सगळा डबा मोकळा केलान."

"अरे, पण त्यांना?"

"आईनं सोडे सोडले."

असं वाक्य माझ्या टेबलावर आलं असतं तर मी पेन्सिलने खूण केली असती, शब्द दोनदा आलाय म्हणून. तिथे मी पुडी पुन्हा घट्ट बांधली.

"मी बरा होईस्तवर खायची नाय, असं बोललीय देवाला," महेश म्हणाला. "मला तिला सांगवत नाय, की हे कधी जानार नाय म्हनून. तिला वाटतंय मी बरा झालो की पुन्हा खाईल. तुमी सांगाल?"

संध्याकाळी मी फोन लावला. आधी हवापाणी झालं, वाल किती निघाला ते झालं. मग मी सांगितलं. महेश चांगला राहील, काम करील, सगळं करील. पण हा आजार मुळापासून जात नाही. गोळ्या कायमच्या. तेव्हा तुम्ही "बरा होईस्तवर" म्हणून जे सोडलंय, ते...

"ठाव हाय मला," हौसाबाई म्हणाल्या. "डाक्तरीण बोलली व्हती त्याच दिवशी, ओसरीवर. तू जीप बघाया गेलीवतीस."

"मग तरी बरा होईस्तवर असं का बोललात देवाला?"

पलीकडे त्यांनी कोंबड्यांना हाकललं.

"जन्मभर असं बोलायला जड जातं गो, बाय."

माझ्या गोळ्यांचा डबा समोर होता आणि मी स्वतःलासुद्धा तो शब्द कधी मोठ्याने म्हटला नव्हता.

"तुला चालतात ना सोडे?" त्यांनी विचारलं.

"चालतात. तिखट कमी घातलं तर."

"मग आज रांध. आनि पोटभर खा."

मी भात टाकला. मूठभर सोडे धुऊन त्यात घातले, मिरची नावापुरती. त्या दिवशी गुरुवार होता. उपास मोडून मी दोनदा वाढून घेतलं.